शहर पायाखालचं झालं पाहिजे

चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या, गोठ्यात धार काढता काढता ऐकणाऱ्या, बैठकीला जायची गडबड चाललेल्या सगळ्या ताई, मावशी, काकू, आत्यांना आमच्या बचत गटाचा नमस्कार.

आज आम्ही कर्जाचं, हप्त्याचं, पापड-मसाल्याचं बोलणार नाही. आज आमच्या दोन लेकींचं सांगणार आहोत. त्यांची नावं सांगत नाही, पोरींना ते आवडायचं नाही. गावात आता त्यांना सगळे 'साताऱ्याची' आणि 'सांगलीची' असंच म्हणतात, तर आपणही तसंच म्हणू.

आमचं गाव मायणीच्या बाजूला, दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. एक एसटी वडूजवरून साताऱ्याला जाते, दुसरी विटा-तासगाववरून सांगलीला. आमच्या थोरल्या आत्या अजूनही सांगलीला 'दक्षिण सातारा' म्हणतात. सांगली जिल्ह्याचं १९६० पर्यंत तेच नाव होतं. तर बारावी झाल्यावर आमच्या गटातल्या दोन तायांच्या लेकींना प्रवेश मिळाले, एकीला साताऱ्यात, एकीला सांगलीत. गटानं दोघींना अंतर्गत कर्ज दिलं. ट्रंक, गादी, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, सगळं बांधून दिलं. आणि निघताना आम्ही सगळ्यांनी मिळून एक शिकवण दिली. "खोली, मेस, कॉलेज. याच्या पलीकडं पाऊल टाकायचं नाही."

आम्हाला वाटलं, किती शहाणपणाचं बोललो.

दिवाळीला दोघी घरी आल्या. भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आणि सांगलीची परत जायला तयार होईना. बॅग भरेना, जेवेना. वडील म्हणाले, "नसंल जायचं तर राहू दे. एक स्थळ आलंय चांगलं, बघून टाकू." आई रात्री आमच्याकडं आली. पोरीला खोलीत कुणाचा त्रास आहे का, कॉलेजात कुणी काही बोललं का, सगळं विचारून झालं होतं. तसं काही नव्हतं.

शेवटी पोरच आमच्यापुढं बोलली. म्हणाली, "चार महिने झाले, मला सांगलीत एकच रस्ता माहिती आहे. एकदा बसमध्ये डोळा लागला आणि स्टॉप चुकला. उतरले तर कुठं आहे तेच कळंना. कुणाला विचारायचं, काय विचारायचं, तेही सुचंना. एका दुकानाच्या पायरीवर बसून रडले. मैत्रिणी रविवारी बाहेर जातात, मी खोलीत बसून भिंत बघते. तुम्हीच सांगितलं होतं ना, कुठं जायचं नाही म्हणून."

खोलीत कुणी काही बोललं नाही. कारण ते खरं होतं. भीती आमची होती आणि ती पोरीच्या ट्रंकेत आम्हीच भरून दिली होती.

आमच्यातल्या एकदोघींनी बी.ए. केलंय, पण बाहेरून, नुसत्या परीक्षेला जाऊन. तीन वर्षं तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी गेलो. स्टँडवर उतरायचं, केंद्रावर जायचं, पेपर द्यायचा, पहिली गाडी पकडायची. कुणी विचारलं, सातारा कसा आहे, तर सांगायला स्टँडपलीकडं काही नाही. म्हणजे आम्ही पोरीला जे सांगितलं, ते आमचंच जगणं होतं.

दहा तारखेच्या बैठकीत हा विषय निघाला. तेव्हा आमच्या थोरल्या आत्या बोलल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही सासरी आला तवा पहिल्या दिवशी कुणी सगळं गाव दाखवलं व्हतं का गं? पहिल्यांदा पाण्याला गेला. मग गिरणीला. मग देवळात. मग जावंबरोबर रानात. सा म्हैन्यांत गाव पायाखालचं झालं. पोरीचंबी तसंच. एकदम नगं, एक एक जागा."

त्या दिवशी आम्ही इतिवृत्तात ठराव लिहिला. दोन्ही लेकींनी पंधरा दिवसांतून एकदा, उजेडाउजेडी, एका नव्या जागी जाऊन यायचं. खर्चाला गटाच्या व्याजातून महिन्याला शंभर रुपये. आल्यावर बैठकीत फोन करून सांगायचं, काय बघितलं, कसं गेलो, किती पैसे लागले. आणि पहिल्या वेळेला सांगलीच्या लेकीबरोबर आई जाणार. वडिलांना सांगितलं, "एक सहामाही द्या. नाही जमलं तर मग बघा स्थळ."

पहिल्या वेळेला आमची चूक झाली, तीही सांगतो. आई एकटी जायची होती, पण बघता बघता आम्ही सहा जणी निघालो. एसटीला मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं कुणी मागं राहायला तयार नाही. डबे, पिशव्या, मोठ्यानं बोलणं. पोर पुढं पुढं चालायला लागली, मैत्रिणींनी बघू नये म्हणून. तेव्हा कळलं, बरोबर जायचं म्हणजे वरात काढायची नाही. दुसऱ्या वेळेपासून एकटी आईच गेली, आणि तिसऱ्या वेळेपासून तीही नाही.

पण त्या पहिल्या दिवशी आम्ही जे बघितलं ते आजही आठवतं. आधी कृष्णाकाठचं गणपतीचं देऊळ, सांगलीच्या पटवर्धन राजांनी बांधलेलं. दर्शन झालं आणि तिथून चालत आयर्विन पुलावर गेलो. हा पूल १९२९ सालचा. पुलाजवळ पाण्याची उंची मोजायचे फुटांचे आकडे असतात. एका भाजीवाल्या मावशींनी आम्हाला ते समजावलं. चाळीस फुटांना पाणी आलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. मावशी म्हणाल्या, "पोरी, सांगलीत राहतीस तर हे आकडे तोंडपाठ कर." पोरीनं वहीत लिहून घेतलं. आम्ही तेव्हा एवढं मनावर घेतलं नाही. त्याचं पुढं सांगते आहोतच.

दुसऱ्या वेळेला मायलेकी मार्केट यार्डात गेल्या. रविवारी सौदे नसतात, म्हणून कॉलेजला सुट्टी असलेला वार शोधला. हळदीचा हंगाम चालू होता. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे सांगलीची हळद हे नाव आता कायद्यानं राखलेलं आहे. आपण पाकिटातली पिवळी पूड बघतो. तिथं पोत्यांतून हळकुंडं बघितली, हाताला लागलेला रंग बघितला, वासानं नाक भरलं. आईनं भाव विचारला, हळकुंड दातानं मोडून बघितलं, आणि घरी आल्यावर आमच्या मसाला गटात वाद घातला की आपण पूड कशाला घेतो, हळकुंड आणून दळूया. पोर फिरायला गेली आणि गटाच्या धंद्याला अक्कल आली.

मग हरिपूर. सांगलीपासून तीन-चार किलोमीटर. तिथं वारणा कृष्णेला मिळते आणि काठावर संगमेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या एका आजोबांनी सांगितलं, पूर्वी या मातीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. पण हरिपूरला एक गडबडही झाली. तीन मैत्रिणी गेल्या, घाटावर गप्पांत रमल्या, आणि अंधार पडायला लागला. बस मिळेना, रिक्षावाल्यानं तिप्पट पैसे सांगितले. पोरींनी दिले आणि आल्या. रात्री फोन आला तेव्हा आई रडली, वडील तापले. आम्हालाही धाकधूक झाली. पण पोरगी फोनवर म्हणाली, "चुकलं आमचं. पुढच्या वेळी पोचल्या पोचल्या परतीची गाडी विचारून ठेवू." चार महिन्यांपूर्वी हीच पोर पायरीवर बसून रडली होती. आता चूक झाली आणि तिनंच नियम सांगितला.

त्यानंतर नाटकाचं. सांगलीत विष्णुदास भावे यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीतच 'सीता स्वयंवर' हा खेळ केला आणि तिथून मराठी नाटक सुरू झालं असं मानतात. पाच नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्यामुळंच. आम्हाला जत्रेतला तमाशा माहिती, वगनाट्य माहिती. पण नाटकाचं गाव आपल्या लेकीच्या खोलीपासून चालत जायच्या अंतरावर आहे, हे माहिती नव्हतं.

आणि मिरज. सांगलीहून अर्ध्या तासाच्या आत बस पोचवते. तिथं सतार आणि तंबोरा बनवणाऱ्यांची दुकानं आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्यालाही २०२४ मध्ये मानांकन मिळालं. पोरीनं दारात उभं राहून विचारलं, "आत येऊन बघू का?" कारागीर म्हणाले, "ये की." वाद्याचा खालचा गोल भाग भोपळ्याचा असतो. कडू भोपळा वाळवून, पोखरून केलेला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला हे भोपळे पिकतात. फोनवर ऐकून आमच्या आत्या म्हणाल्या, "आगं बया, भोपळ्याला असा आवाज फुटतो व्हय?"

आता साताऱ्याची. ती मुळातच धिटुकली. पण तिलाही सातारा म्हणजे पोवई नाका आणि कॉलेज एवढाच ठाऊक होता. तिनं पहिल्यांदा अजिंक्यतारा गाठला, चार मैत्रिणींबरोबर, भल्या सकाळी. वर जाऊन बघितलं तर सगळं शहर पसरलेलं. एका बाजूला यवतेश्वर, लांब सज्जनगड, पलीकडं जरंडा. तिनं वरूनच आपलं कॉलेज शोधलं, स्टँड शोधला, खोलीची गल्ली शोधली. ती म्हणते, "काकू, त्या दिवसानंतर मी साताऱ्यात कधी चुकले नाही. कुठंही उभी राहिले की किल्ला कुठल्या अंगाला आहे ते बघते."

मग ती राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलकडं गेली. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव याच शाळेच्या पटावर लागलं. आता आपल्याकडं सात नोव्हेंबर विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या शाळेवरून ती रोज बसनं जात होती, पण थांबून बघितलं नव्हतं.

पुढच्या वेळेला कर्मवीर भाऊराव पाटलांची समाधी आणि धनणीची बाग. भाऊरावांनी १९१९ मध्ये कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं. हे पुस्तकात असतं. पण लेकीनं बैठकीत फोनवर जे सांगितलं ते लक्ष्मीबाईंचं. भाऊरावांच्या पत्नी. पोरांच्या पोटाला दाणा नव्हता तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. फोन स्पीकरवर होता. आम्ही पंधरा जणी ऐकत होतो. सगळ्यांचा हात नकळत आपापल्या गळ्याकडं गेला. आपण व्याजातले शंभर रुपये द्यायला किती चर्चा केली होती, ते आठवलं.

त्यानंतर संगम माहुली. साताऱ्याजवळ वेण्णा कृष्णेला मिळते ती जागा. तिथून तिनं सांगलीच्या मैत्रिणीला फोन लावला आणि म्हणाली, "मी कृष्णेच्या पाण्यात पाय सोडून बसलेय. हेच पाणी पुढं तुझ्या पुलाखालनं जाणार." तोवर दोघी गावातल्या ओळखीच्या होत्या, मैत्रिणी नव्हत्या. त्या दिवसापासून झाल्या.

गावात बोलणं झालंच. "पोरी शिकायला पाठवल्या का हिंडायला?" असं एकानं पारावर विचारलं. आमच्यातल्या एका ताईनं तिथंच उत्तर दिलं. "तुमचा पोरगा सांगलीला गेला तवा त्याला कुणी विचारलं का, कुठं हिंडलास म्हणून?" पुढं कुणी बोललं नाही.

आता पुलाच्या आकड्यांचं. पुढचा पावसाळा आला. सांगलीची दुसऱ्या वर्षाला गेली होती. तिची खोली नदीकडच्या सखल भागात. जुलैच्या अखेरीला साताऱ्याच्या लेकीचा तिला फोन आला, "इकडं चार दिवस पाऊस थांबला नाही. माहुलीला पाणी वर आलंय. बातम्यांत सांगतायत, कोयनेतून पाणी सोडणार." कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ते सगळं पाणी सांगलीला येतं. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती पुलावर जाऊन आकडा बघून आली. सकाळी एक आकडा, संध्याकाळी त्याच्यावरचा. घरमालकीण म्हणाल्या, "घाबरू नको, एवढ्यात काही होत नाही." पण पोरीनं कागदपत्रं, पुस्तकं, दोन कपडे भरले, खोलीतल्या दोघींना घेतलं, आणि उजेड असतानाच विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला, विश्रामबागेत राहणाऱ्या मैत्रिणीकडं गेली. कुठल्या रस्त्यानं जायचं, कुठं पाणी आधी येतं, हे तिला माहिती होतं. पोचल्यावर फोन केला, "मी वर आलेय. काळजी करू नका."

त्या वेळी पाणी चाळीसच्या आसपास जाऊन थांबलं आणि उतरलं. खोलीत पाणी आलं नाही. घरमालकीण हसल्या असतील. आम्ही हसलो नाही. वडील त्या दिवशी रात्रभर बातम्या बघत बसले होते. सकाळी ते एवढंच म्हणाले, "पोरीला कळतं." स्थळाचा विषय नंतर निघाला नाही.

तायांनो, तुमच्याही गटातल्या कुणाची लेक शहरात शिकायला गेली असेल, नाहीतर यंदा जाणार असेल. आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

एक, पहिल्या आठवड्यात तीन जागा बघून घ्यायच्या. सरकारी दवाखाना, पोलीस ठाणे आणि स्टँड. खोलीपासून तिथं कसं जायचं ते पायानं जाऊन बघायचं.

दोन, पंधरा दिवसांत एकच नवी जागा. जवळची आधी, लांबची नंतर.

तीन, एकटीनं नाही, दोघी-तिघींनी. पोचल्यावर आधी परतीची शेवटची गाडी विचारायची, मग देवदर्शन.

चार, रस्ता विचारायचा तर दुकानदाराला, भाजीवाल्या मावशीला, कंडक्टरला विचारायचा. अडचण आली तर ११२ नंबर फिरवायचा. हा नंबर फोनमध्ये नाही, डोक्यात पाहिजे.

पाच, खर्च वहीत लिहायचा. आमच्या दोघी लेकींची एकेक फेरी बहुतेक वेळा पन्नास रुपयांच्या आत झाली. देऊळ, किल्ला, नदी, वाचनालय बघायला फार पैसे लागत नाहीत.

सहा, पोरीनं खरं सांगितलं तर ओरडायचं नाही. हरिपूरच्या दिवशी आम्ही ओरडलो असतो, तर पुढच्या वेळी तिनं फोनच केला नसता.

आणि शेवटचं आपल्यासाठी. तुमच्या लेकीच्या खोलीजवळच्या स्टॉपचं नाव तुम्हाला माहिती आहे का? आम्ही आमच्या बैठकीत विचारलं होतं, तेव्हा पंधरांतल्या दोघींनाच सांगता आलं. पुढच्या बैठकीत तुम्हीही विचारून बघा.

गेल्या महिन्यात सांगलीच्या लेकीची परीक्षा होती. आई डबा घेऊन गेली. लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, पेपर आहे, मला स्टँडवर यायला जमणार नाही." आई म्हणाली, "तू कशाला येतीस?" स्टँडवर उतरली, बरोबर बस पकडली, बरोबर स्टॉपला उतरली आणि खोलीच्या दारात डबा घेऊन लेकीची वाट बघत बसली. शेजारच्या खोलीतली एक नवी पोर बाहेर आली. पहिल्या वर्षाची, बावरलेली. तिनं विचारलं, "मावशी, इथनं गणपतीच्या देवळाला कसं जायचं?"

आईनं तिला रस्ता सांगितला.